कापसाच्या गाडीतून न उतरणारी कमल

गाव सोडलं त्या सकाळी आम्ही सगळे बैलगाडीत होतो, फक्त माझी धाकटी बहीण कमल गाडीमागे पळत होती. शिंदखेडा स्टेशनापर्यंत ती अशीच येणार, हे पहिल्या वळणावरच दिसलं. आमचे वडील, नाना, ओरडले, "वर बस! रेल्वेत कारकून झालोय मी. लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे वाटेतल्या दोन म्हशी. गाडी हाकणारे आमचे आजोबा, आबा, मागे न बघता म्हणाले, "पळू दे तिले. बठ्ठं गाव तिनं आंगन शे." सगळं गाव तिचं अंगण, हे खरंच होतं.

गावीच राहिलेल्या तुम्हा मंडळींना आठवत असेल. वेचलेला कापूस गाडीत भरला की तो तुडवायला पोरांना वर चढवत. कमलचं वजन शेळीच्या करडाएवढं, तिच्या पायांनी कापूस काय दबणार? तरी आबा आधी तिलाच उचलून ठेवत. उतरवायला मात्र दोन माणसं लागत.

भुसावळच्या क्वार्टरमध्ये नळ होता, वीज होती आणि दारासमोर रूळ होते. आईची भीती खोटी नव्हती. "पायरीवर बस," एवढंच ती दिवसभर सांगे. शाळेला मोठं मैदान होतं, पण त्यावर चुन्याच्या रेघा मारून ते पाहुण्यांसाठी राखलेलं. आम्ही खेळलो असतो तर रेघा पुसल्या असत्या. क्रीडादिनाला कमलनं कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केले. पाहुणे बालकांच्या व्यायामावर इतके मनापासून बोलले की लहान मुलींची शर्यत रद्द करावी लागली. हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून आम्ही ते सगळं ऐकलं. अजिबात हलली नाही म्हणून बाईंनी कमलला शाबासकी दिली.

पुढच्या दिवाळीत गावी गेलो. गाडी कापसानं भरलेली होती. आबांनी कमलला उचलून वर ठेवलं. "तुडव, माय."

ती गुडघाभर कापसात उभी राहिली. थोडे पाय हलवले, फ्रॉक झटकला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "आबा, झालं? उतरू का?"

"बघा," नाना खूश होऊन म्हणाले, "किती वळण लागलं!"

आबांनी तिला खाली घेतलं. मग गाडीची कड धरत, धापा टाकत, स्वतःच वर चढले आणि कापूस तुडवू लागले. कमल घराच्या पायरीवर बसून बघत राहिली.

आता ती नाशिकला असते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून घड्याळ लावून चालते. मी पुण्यात. कुणी गाव विचारलं तर तालुका सांगतो, घर विचारलं तर पत्ता देतो. पत्त्यावर पत्रं येतात, पोस्टमन येतो. घर म्हणाल तर माझ्यापुरती ती एक गाडी होती, जिच्यातून एका पोरीला उतरवायला दोन माणसं लागत.