विचारल्याशिवाय पत्ता खोडायचा नाही

सोलापूरचं ऊन आणि माझ्या बायकोचे मामा, या दोघांपुढे कुणाचं काही चालत नाही. मी शिकवतो त्याच कॉलेजातून मामा निवृत्त झाले. पण तिथला मेल सर्व्हर काही त्यांना सोडायला तयार नाही. तो रुसला की जुळे सोलापुरातून स्कूटर काढून मामाच येतात. त्याला ते 'साहेब' म्हणतात. शिकवलेल्या प्रत्येक पोराला वाढदिवशी याच साहेबांमार्फत शुभेच्छा जातात, मग तो उत्तर देवो न देवो. एकदा मी म्हटलं, "मामा, निम्म्यांचे ईमेल पत्ते बंद पडले असतील." म्हणाले, "असंल की. वाढदिवस बंद पडतो व्हय?"

या मायेनं शेवटी कॉलेजलाच गोत्यात आणलं. बंद पत्त्यांवर सारखा मेल धाडतो म्हणून आमचा सर्व्हर स्पॅम अडवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जाऊन बसला. परदेशी प्रवेश घेणाऱ्या पोरांची गुणपत्रकं कुठेच पोचेनात, प्राचार्य घायकुतीला आले. उपाय सोपा होता: बंद पत्ते खोडायचे आणि यादीवाल्यांना तसं कळवायचं. दहा मिनिटांचं काम, मामांनी चार दिवस लावले. "न विचारता कुणाचं नाव कसं खोडायचं?" म्हणत त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं आणि एकेकाच्या घरी फोन लावला. "बाळ, तुझा जुना पत्ता खोडतोय. राग नाही ना?" मग नोकरीची, बायकापोरांची सविस्तर चौकशी. मी शेजारी कपाळाला हात लावून बसलेलो.

शेवटचा फोन बार्शीला लागला. एका पोराच्या आईनं उचलला. पोरगा तीन वर्षांपूर्वीच गेला होता. मामांनी चाचरत फोनचं कारण सांगितलं, तशी ती म्हणाली, "राहू द्या की तो पत्ता, सर. त्याचा वाढदिवस तुमच्याबिगर आता कुनाच्या ध्यानात हाय?"

पण बाकीच्या पोरांची गुणपत्रकं अडली होती. मामांनी तोही पत्ता खोडला, यादीवाल्यांना 'चूक माझी आहे' असं स्वच्छ लिहून कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हर यादीतून सुटला. मी पेढे आणले, मामांनी हात लावला नाही.

परवा त्या पोराची तारीख होती. मामांनी सकाळीच बार्शीला फोन लावला. "ताई, आज त्याचा वाढदिवस," एवढंच बोलले. पुढचा अर्धा तास ती माउली बोलत होती आणि जन्मात कुणाचं ऐकून न घेणारे मामा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली. माझ्या हातून ते नाव केव्हाच पुसलं गेलं असतं, आणि मला कळलंही नसतं.