‘गेल्या’ या शब्दाबाबत

श्रीरामपुरात आमच्या घराच्या मागील बाजूस भाड्याने देण्याच्या दोन खोल्या आहेत. मागच्या रस्त्यापलीकडेच सरकारी दवाखाना असल्याने त्या सहसा रिकाम्या राहत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मात्र तेथे अनेक वर्षे राहिलेल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सारी गल्ली ‘बाई’ म्हणे, एका पहाटे झोपेतच मरण पावल्या. त्या ख्रिस्ती होत्या. चर्चची मंडळी आली, प्रार्थना झाली, भाचा सामान घेऊन गेला. माझ्या पत्नीने आपल्या रीतीप्रमाणे त्या जागी दहाव्यापर्यंत दिवा लावला. त्यास कोणी हरकत घेतली नाही.

पुढे खोल्या तयार करण्याचे काम मी जातीने उभे राहून करवून घेतले. खिळ्यांची भोके बुजविली, गळका नळ बदलला, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. बाईंच्या कॉटच्या पायांचे गंजाचे डाग तेवढे फरशीवरून निघेनात. पत्नी ते लिंबाने घासत होती, आणि घासता घासताच म्हणाली, “कुणी विचारलं तर बाई गेल्या, एवढंच म्हणायचं. खोटं थोडंच आहे?”

“आणि कोठे गेल्या, असं विचारलं तर?”

“तुम्हाला घरातही कचेरीच दिसते. सांगत बसलात तर खोल्यांना कुलूप लावूनच ठेवा मग.”

येथे माझ्या व्यवसायाचा उल्लेख करणे भाग आहे. मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले, तथापि पदवीधरांनी लिहून आणलेले अर्जही मीच दुरुस्त करीत आलो आहे. वारसनोंदीसाठी माणसे येतात आणि सांगतात, “वडील गेले.” मी विचारतो, “कोठे?” काही जण रागावतात. परंतु मजुरीला गेलेला मनुष्यही गेलेलाच असतो. म्हणून मी ‘मयत’ असे लिहितो, आणि त्या एका शब्दाने पुढचे सारे प्रश्न मिटतात. असे असूनही पत्नीचे म्हणणे मला त्या दिवशी पटले. शब्द निर्दोष होता. ऐकणाऱ्याने त्याचा कोणता अर्थ घ्यावा, ही जबाबदारी माझी नव्हती.

रंग वाळला त्या आठवड्यात नेवाशाकडच्या एका वस्तीवरून सासू-सून खोल्या पाहण्यास आल्या. मुलगा ट्रॅक्टरवर, ऊसवाहतुकीला. सुनेस सातवा महिना. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

“आधी कोन हुतं हितं?” सासूने विचारले.

“एक बाई होत्या शाळेतल्या,” पत्नी म्हणाली. “गेल्या.”

“बदली झाली व्हय?”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी घसा साफ केला, आणि तेवढ्या अवधीत म्हातारी आपल्याच विषयाकडे वळली. “आमाला काय, दवाखाना जवळ पायजे. मागल्या खेपेला जीप मिळाली न्हाई. लेकरू वाटंतच गेलं.”

तिच्या तोंडी त्या शब्दास एकच अर्थ होता. ‘कोठे’ असे तेथे मी विचारू शकलो नसतो. ज्या म्हातारीला एवढ्या उघडपणे सांगता येते, तिला मी अर्धा अर्थ देऊन खोली देणार होतो. मी म्हणालो, “आजी, बदली नाही. त्या बाई मयत झाल्या. याच खोलीत, त्या भिंतीशी.”

पत्नी हातातले फडके पिळत राहिली. म्हातारीने गंजाचे डाग पाहिले.

“लई हाल झाले का?”

“नाही. झोपेत.”

“दिवा लावला हुता?”

“लावला होता ना,” पत्नी म्हणाली. “खाली पीठही पसरलं होतं. काही उमटलं नाही.” दिव्याखालच्या पिठात गेलेल्या माणसाच्या पुढल्या जन्माचे पाऊल उमटते, असे आमच्याकडे मानतात.

“म्हंजी सुटली बाई.” म्हातारीने सुनेकडे पाहिले. “पर पोटुशीला आनायचं म्हंजी…”

ती पदर सावरून दाराकडे वळली. माझे भाडे गेले, हे मी ओळखले. तेवढ्यात सून पहिल्यांदाच बोलली.

“आत्या, आपल्या मधल्या घरात आज्जेसासूबाई गेल्या, मामंजी गेले. तिथंच तुमी पापड लाटता.”

“लई बोलाय लागली.”

“हितून दवाखान्याचं दार दिसतंय. मी चालत जाईन.”

म्हातारीने खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, त्या भिंतीला आमी धान्याची कोठी लावू. हिचं हातरून हिकडं. चालंल?”

“चालेल,” मी म्हणालो.

“आन आमुश्या झाल्याबिगर येनार न्हाई.”

पत्नी चहा ठेवण्यास आत गेली. सून मात्र त्याच भिंतीला टेकून खाली बसली, आणि पाय लांब करून अंथरुणास जागा पुरते की नाही, ते पाहू लागली.