चांगुणानं वाहिलेला गाळ

बहात्तरच्या दुष्काळात चांगुणानं सडकेवर खडी फोडली. पुढं दोन-तीन वर्षांनी तिच्या घराला गायरानातला एक तुकडा मिळाला, तेव्हा तिची सासू मालनबाई त्या जमिनीवर डोकं टेकवून रडली. त्या घरात आजवर कुणाच्या नावावर वीतभर माती नव्हती. पण माती कसली, नुसता मुरूम. ज्वारी गुडघ्याला लागायची आणि माना टाकायची.

गाव कळंबच्या अलीकडं, नदीकाठाला. वरच्या अंगाला कातडी कमावणाऱ्यांची सहकारी सोसायटी निघाली आणि चांगुणाचा नवरा मच्छिंद्र तिथं हौदावर कामाला लागला. मालनबाई भडकली.

"धर्म घेतला तवा तुज्या बापानं ढोरं वडायची सोडली, आन् तू कातड्यात हात घालतूस?"

"आये, घरात दाणा न्हाय. दुसरं काम दाव, उद्या सोडतो," मच्छिंद्र म्हणाला. तिच्याकडं दाखवायला काम नव्हतं.

हौदातलं कातडी कमावायचं निळंहिरवं क्रोमचं पाणी थेट नदीत सुटायचं. मासे तरंगले, मग दिसेनासेच झाले. लोकांनी चार दिवस बोंब मारली, पण निम्म्या घरांची चूल सोसायटीवर पेटत होती.

मग एका उन्हाळ्यात नदी आटली. पात्रात काळाभोर, लोण्यासारखा गाळ उघडा पडला. चांगुणाला तो बघून राहवेना.

"आवं, ह्यो आपल्या मुरमावर टाकला तर?"

मच्छिंद्रलाही पटलं. सुट्टीच्या दिवशी दोघं उतरायची. तो अनवाणी गाळात उभा राहून पाट्या भरायचा, ती डोक्यावरून वाहायची. गाळाला कुजका वास यायचा, हाताची आग व्हायची. पण मुरूम काळा होत चाललेला बघून तिला जेवण गोड लागायचं.

पावसाळ्यात ज्वारी उगवली आणि बोटभर वाढून पिवळी पडली. जिथं गाळ जाड, तिथं तर उगवलीच नाही.

त्याच सुमाराला मच्छिंद्रच्या पायाला गाळात काच लागून झालेली जखम चिघळली. कळंबच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, गोळ्या बदलल्या, काही लागू पडेना. पाय घोट्यापर्यंत सुजला.

औरंगाबादच्या कॉलेजातले विरुपाक्ष नावाचे प्राध्यापक नदीतला गाळ बाटल्यांत भरून न्यायला आले होते. पुढच्या खेपेला तपासणीचा निकाल घेऊन ते चांगुणाच्या रानात आले आणि बांधावर बसले.

"बाई, या गाळात क्रोम साठलंय. ते कुजत नाही, विरत नाही. गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. बरेचसे या विषानं मेले. जे तगले ते विष पचवून बसलेत, आणि त्यातल्या काहींवर दवाखान्यातली औषधंही चालत नाहीत."

"ह्यांच्या पायात त्येच शिरल्यात का?"

"असेल. खात्रीनं सांगता येत नाही."

"मग ह्ये रानातनं काढू कसं?"

"खरवडून लांब टाकावं लागेल. पण कुठं टाका म्हणून सांगू, ते मलाही कळत नाही."

मच्छिंद्रला सोलापूरला नेलं. पाय कापला, तरी जखमेचं विष अंगभर पसरलंच. दिवाळीच्या आत तो गेला. सोसायटीतून दोन माणसं हार घेऊन आली आणि चहा न घेता परत गेली. पुढं सोसायटीही बुडाली. हौद कोरडे पडले, पण नदीतला गाळ तसाच राहिला.

चांगुणा खोरं घेऊन रानात गेली. गाळ खरवडून खरवडून तिनं बांधाला ढीग घातला. शेजारचा श्रीपती म्हणाला, "वयनी, ढकला की नदीत. तिथलाच हाय त्यो."

"नदीच्या खालच्या अंगाला माकणीला लेक दिलीया माजी," ती म्हणाली. "ती त्याच नदीचं पाणी पिती."

तिनं ढिगाभोवती दगड रचले. मृगात असा पाऊस कोसळला की दगड राहिले आणि ढीग ओघळून नदीला मिळाला. उरलेला मुरमात मुरला. काळं कुठलं आणि तांबडं कुठलं, हे तिलाही सांगता येईना.

त्या वर्षी तिनं रान पेरलं नाही. ती दुसऱ्याच्या खुरपणीला जाऊ लागली. मालनबाई पडवीत बसून असायची, त्या रानाचं नाव काढायची नाही. उन्हाळ्यात गावची विहीर तळाला गेली, तेव्हा इतर बायांबरोबर चांगुणानंही नदीच्या पात्रात, तोच काळा गाळ बाजूला सारून, पाण्यासाठी झिरा उकरला. पाणी गढूळ होतं. ती निवळायची वाट बघत बसली, मग फडक्यानं गाळून तिनं घागर भरली.