पहिला वणवा माझा

आमच्या गावात वणवा विझवायला जाणाऱ्यांचा एक गट आहे. तोरण्याच्या बाजूच्या डोंगरावर धूर दिसला की पोरं, बाप्ये, हल्ली बायकाही निघतात. शाळेच्या स्मरणिकेसाठी या गटाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी भोरला कचेरीत नोकरीला, म्हणजे मला लिहिता येत असणार, असा हिशेब. दोन पानं लिहिली. पहिला परिच्छेद असा होता:

'अठरा वर्षांपूर्वी ज्या वणव्यातून हा गट निघाला, तो मी लावला. भाताच्या रोपांसाठी आमच्या वावरात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा पसरून जमीन भाजायची होती. तो सकाळी भाजतात, कडेचं गवत झाडून घेतात, हातात ओल्या फांद्या घेऊन दोघं उभे राहतात. मला दुपारची एसटी धरायची होती. मी एकट्यानं, भर दुपारी, काहीही न झाडता काडी ओढली. वारं खालून सुटलं आणि आग डोंगर चढली.'

वर धनगरवाड्यावर एका म्हाताऱ्याच्या गवताच्या गंजी आणि मेंढरांचा वाडा जळाला. आम्ही सात जण निरगुडीच्या फांद्यांनी आग झोडपत अंधार पडेपर्यंत वर होतो. सर्वांत जास्त मी झोडपत होतो. लोकांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी चावडीवर कुणीतरी म्हणालं, कोवळ्या गवतासाठी धनगरानंच पेटवलं असणार. स्वतःचाच वाडा कोण जाळील, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. गावानं पाणवठ्याकडे उतरणाऱ्या त्या उतारावर त्याच्या जनावरांना बंदी घातली. तेव्हापासून तो मेंढरं पाण्याला पलीकडच्या खिंडीतून नेतो. जाऊन-येऊन दिवस मोडतो.

पुढे गट वाढला. दर थंडीत आम्ही आग अडवायला गवत कापून जाळपट्टा काढतो, वनखात्यानं दिलेलं पाला उडवायचं यंत्रही आहे. पण धूर सर्वांत आधी वरून तो म्हाताराच बघतो आणि मोबाईल मलाच लावतो.

सरपंचांनी पानं वाचली. ते माझ्याहून लहान. "दादा, पहिला परिच्छेद काढा. लोक हसतील गटाला."

"हसू द्या."

शेजारी बसलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, "पेटवनारा बी तूच, इझवनारा बी तूच. घरचाच धंदा की रं तुझा."

मी म्हणालो, छापायचं तर सगळं छापा, नाहीतर पानं परत द्या. त्यांनी परत दिली.

तीच घेऊन मी धनगरवाड्यावर गेलो. म्हाताऱ्याला पहिला परिच्छेद वाचून दाखवला.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "धूर तुझ्या वावरातनं निघाला. म्या हितनंच बघितला."

"मग मामा, बोलला का नाहीत?"

"कोन ऐकनार? तू कचेरीतला, आमी मेंढरामागचं." मी माफी मागायला लागलो तर त्यानं हात आडवा केला. "कागुद ऱ्हाऊ दे. माज्या मेंढरांला वाट दे."

अठरा वर्षं मी माफीची वाक्यं जुळवत होतो. त्याला काय हवं असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, सगळं गाव जागं असताना, आम्ही दोघांनी मेंढरं बंदीच्या उतारावरून खाली काढली. मी पुढे चाललो. खाली पाणवठ्यावर सरपंच, माझा चुलतभाऊ आणि आणखी चारपाच जण उभे होते, त्यातले तिघे आमच्याच गटातले.

"दादा, इथं बंदी आहे," सरपंच म्हणाले.

"बंदी वणवा लावणाऱ्यावर आहे ना? मग माझ्यावर घाला. आजपासून मी उतारावर येणार नाही, विझवायलासुद्धा नाही. ठराव करा. पण ही जनावरं रोज इथूनच येतील, आणि ज्याला अडवायची असतील त्यानं आधी मी काय केलं ते चारचौघांत मोठ्यानं सांगावं."

चुलतभाऊ मेंढरांकडे बघत म्हणाला, "तू न्हाई आलास तर ते यंत्र कोन चालू करनार? कुनाला येतंय?"

"शिका," मी म्हणालो.

म्हातारा थांबला नव्हता. तो माझ्या शेजारून पुढे गेला, आणि सरपंचांना बाजूला सरकावं लागलं, कारण मेंढरं पाण्याकडे निघाली होती.