खारीच्या मागे लागलेली मूठ

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी आमची कुत्री, खारी, गाडीत बसायला तयार नव्हती. मागच्या सीटवर माझ्या नवऱ्यानं, राघवनं, तिच्यासाठी नवं निळं कापड अंथरलं होतं, हात लावला की कुरकुरणारं. तिनं ते हुंगलं, कान मागे टाकले आणि सरळ माघारी जाऊन आईच्या पायाशी बसली. आई फाटकात उभी होती, दहीभाताचा डबा हातात घेऊन. "बघ, तिला कळतंय," एवढंच म्हणाली. मी ते कापड ओढून काढलं, घरातली जुनी सोलापुरी चादर आणून टाकली, तेव्हा कुठं खारी चढली. गल्लीचं वळण येईपर्यंत ती मागच्या काचेतून आईकडे बघत होती. मी समोर बघत होते. माझी मान वळली असती तर मी उतरलेच असते.

तुम्ही जे तिथं राहिलात, तुम्हाला आठवते ती खारी वेगळी आहे. बेकरीच्या दारात सापडलेली, खारीच्याच रंगाची, म्हशींच्या कळपात बिनदिक्कत घुसणारी, दिवाळीत माळा लागलेल्या असताना कट्ट्यावर पाय पसरून झोपणारी. म्हणून मी फोनवर "खारी घाबरते" म्हटलं की तुम्ही हसायचात. मलाही वाईट वाटायचं नाही. पण खारी पळाली त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला धड कधी सांगितलंच नाही, ते आता लिहिते आहे. माझ्यासारखं ज्यांनी अर्ध्या वयात गाव बदललं, त्यांनीही वाचावं. त्यांना बहुतेक हसू येणार नाही.

राघवचं घराणं मराठीच, पण मराठेशाहीत तंजावरकडे गेलेलं आणि मग कुंभकोणमला रुजलेलं. सासूबाई गेल्या आणि वर्ष सरायच्या आत अप्पा, म्हणजे माझे सासरे, न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ते कोल्हापूरला यायला तयार होईनात, म्हणून आम्ही निघालो. राघवला बदली मिळाली ती चेन्नईपर्यंत. तो शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी बॅग उचलायचा. उरलेला आठवडा त्या लांबट, अंधाऱ्या घरात आम्ही तिघं: अप्पा, खारी आणि मी.

पहिल्याच दिवशी खारी समईवर भुंकली. देवघराबाहेर कमरेएवढी पितळी समई आहे, वर हंस. अंधारातून कुणी आपल्याकडे रोखून बघतंय असं तिला वाटलं असावं. मग झोपाळ्याच्या कड्या. मग इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर. त्याचा दगड फिरायला लागला की ती भिंतीला अंग घासत, पोट जमिनीला टेकवून खोलीबाहेर जायची. इथं घरोघरी रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी असतात. वाऱ्यानं एक रिकामी घागर परसात गडगडली, तर खारीनं जागच्या जागी मुतलं. मान वळवणारा उभा पंखा, दारात वाळत घातलेलं अप्पांचं पांढरं धोतर, म्हणजे वेष्टी, माझी केळीच्या पानांची पिशवीसुद्धा. सकाळी ज्या गोष्टीला ती हुंगून गेलेली असायची, तीच दुपारी तिला राक्षस वाटायची.

आणि खरं सांगायचं तर मी तिला समजावण्याच्या अवस्थेत नव्हते. दारात कुणी आलं, तमिळमध्ये भराभर काही विचारलं की माझ्या तळहातांना घाम सुटायचा. दूधवाला विचारतोय की रागावतोय हेच कळायचं नाही. शेजारच्या सेल्वी अक्का, देवळासाठी गजरे ओवणाऱ्या, पहिल्यांदा आल्या आणि खारीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नाय?" मला वाटलं, चावत नाही ना, असं विचारतायत. मी म्हटलं, "नाय, नाय." त्या खूप हसल्या. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा. अप्पांनी ते सांगितलं तेव्हा त्या घरात मी पहिल्यांदा हसले.

अप्पांची मराठी आपल्या कानाला पोथीतली वाटते. "मज", "तुज", "कां गे" असं बोलतात आणि मध्येच तमिळ शब्द पेरतात. माझं नाव वर्षा, त्यांच्या तोंडी वरुषा. हॉस्पिटलनं सांगितलेला वॉकर घरी आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे आणि खारीनंही त्याच्याकडे सारख्याच डोळ्यांनी बघितलं. चार पायांचा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा अप्पांनी उचलून पुढे टेकवला, ठक्क. खारी किंचाळली आणि पळाली.

"तें भितें मज पाहून," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही अप्पा, त्या वॉकरला."

"मीही त्यासच भितों," अप्पा म्हणाले आणि खाली बसले.

त्यानंतर ते खाटेवरून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीवरून खाटेपर्यंत, एवढेच चालायचे. बाहेरच्या ओट्यावर जायचं नाव काढलं की म्हणायचे, उद्यां. ठक्क आवाज झाला की खारी नाहीशी व्हायची. पूर्वी रात्री ती त्यांच्या खाटेखाली झोपायला लागली होती, तेही बंद झालं. मी दोघांच्या मध्ये उभी. बाबा म्हणायचे ते आठवायचं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. पण ते माहीत असून करायचं काय, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

खारी एकदा गळ्यातला पट्टा मागे ओढून निसटली, म्हणून राघवनं चेन्नईहून छातीला बांधायचा हार्नेस आणला. सोबत आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा, त्याला जाडजूड प्लॅस्टिकची मूठ. हार्नेसचं बक्कल टक्कन लागलं आणि खारी दगड झाली. पाय ताठ, मान खाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणारा. भाकरीचा तुकडा दाखवला, नुसता हार्नेस जेवणाच्या वाटीशेजारी ठेवून बघितला, कित्येक दिवस असंच. शेवटी ती तो घालून चालायला लागली, शेपटी पायात घालून का होईना. मला वाटलं, निभावलं.

त्या सकाळी आम्ही घरामागच्या रस्त्यानं निघालो होतो. एका बाजूला केळीची बाग, दुसऱ्या बाजूला वाय्क्काल, म्हणजे कावेरीचं पाणी शेतांना नेणारा पाट. पाट कोरडाच होता, पण वरच्या धरणाचं पाणी सुटलंय, आज-उद्या पोचेल, असं सगळे बोलत होते. बाया आदल्या दिवसापासून पाण्याच्या पूजेसाठी फुलं बाजूला काढत होत्या. मागून एक ट्रॅक्टर आला. मी बाजूला सरकताना पाय मुरगळला आणि मूठ हातातून सुटली.

ती सिमेंटच्या रस्त्यावर आपटली. खारी दचकून पुढे उडाली. पट्टा ताणला गेला, आतली स्प्रिंग ओढली गेली आणि मूठ उडी मारून तिच्या मागे आली. खारीनं मागे बघितलं. जे तिनं बघितलं ते मला आजही दिसतं: काळं काहीतरी, खडखडत, उड्या मारत तिच्या मागे लागलेलं. ती पळाली तसं ते पळालं. ती जेवढी जोरात, तेवढं ते जोरात. मी "खारी, खारी" ओरडत होते आणि माझा आवाजही तिला त्या आवाजातलाच वाटला असणार. वळणावर ती दिसेनाशी झाली. खडखड थोडा वेळ ऐकू येत राहिली आणि मग तीही थांबली. ते थांबणं जास्त वाईट होतं.

पुढं मोठा रस्ता. बस, लॉरी. मी लंगडत तिथवर गेले, मग केळीच्या बागेत शिरले, मग परत रस्त्यावर. राघवला फोन केला, तो उचलेना. समोरून सायकलवर एक गृहस्थ येत होते. मी हातानं उंची दाखवली, रंग दाखवला. ते मागे पाटाकडे हात करून म्हणाले, "नाय! नाय! अंगे, नाय!" आणि मी मान हलवून उलट्या दिशेला पळाले.

होय. मला तो शब्द माहीत होता. त्यावर मी हसलेही होते. पण भीतीनं माझे कान कोल्हापूरला नेऊन ठेवले होते. तिथं नाही, असं मला ऐकू आलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. देवळाच्या मागच्या भिंतीशी पोचले आणि एकदम थांबले. नाय. तिथं कुत्रा आहे, असं म्हणत होते ते. मी परत फिरले. वाटेत आमच्या घरापाशी सेल्वी अक्का दिसल्या. मी "खारी, वाय्क्काल" एवढंच ओरडले आणि तशीच पुढे गेले.

रस्त्याखालून पाट जातो तिथं सिमेंटची मोरी आहे, वाकून शिरता येईल एवढी. मी पाटात उतरले, आत बघितलं. मधोमध दोन डोळे. मूठ पलीकडच्या तोंडाशी, जिथून ती आत शिरली होती, तिथल्या मोडक्या गजांत अडकली होती. खारी हलली की मूठ खडखडे, मोरीभर घुमे आणि ती पुन्हा गोठे. मी हाक मारली. तिनं दात दाखवले. मला, जिच्या हातची भाकरी ती पिल्लू असल्यापासून खात आली होती. मी आतमध्ये गुडघे टेकले आणि पुढे जायचं धैर्य होईना.

तेवढ्यात लांबून बायांचा गलका आला, "तण्णी! तण्णी वंदुडुच्चु!" पाणी आलं. त्यांच्या आवाजात आनंद होता. मी मोरीच्या आत होते.

आणि डोक्यावर, रस्त्यावर, ठक्क. ठक्क. ठक्क. अप्पा येत होते. हॉस्पिटलातून आल्यापासून उंबरा न ओलांडलेले अप्पा, सेल्वी अक्कांबरोबर, वॉकर टेकवत. प्रत्येक ठक्क मोरीत दुप्पट होऊन उतरत होती. खारी मागे मागे सरकायला लागली.

"अप्पा, थांबा! वॉकर नको!" मी आतून ओरडले.

ठक्क थांबली. मग कपड्यांची सळसळ, सेल्वी अक्कांचं "मेल्ल, मेल्ल", हळू, हळू. नंतर कळलं, अप्पांनी वॉकर बाजूला टाकला, अक्कांचा खांदा धरला आणि त्या मोडून जोडलेल्या पायानिशी रस्त्याच्या कडेला खाली बसले. मोरीच्या तोंडावर त्यांचे पाय लोंबकळताना मला दिसले.

"खारे," ते म्हणाले, आवाज न चढवता. "ये गे बाळे. तूं भितेस, मीही भितों. ये, मिळून भिऊं."

ते तेच म्हणत राहिले. मिळून भिऊं, मिळून भिऊं. अंगाई म्हणावी तसं. खारीचे दात झाकले गेले. मी रांगत पुढे गेले. तळव्यांना ओलं लागलं. पाणी असं येत नाही हो, लाटेसारखं. आधी काटक्या, फेस, कुणाची तरी तुटकी चप्पल आणि त्यांच्या मागून गढूळ जीभ. मनगटं बुडाली. मी खारीच्या छातीखाली हात घातला, तिचं काळीज माझ्या बोटांवर आदळत होतं. बक्कल दाबलं. तो टक्क त्या सिमेंटमध्ये बंदुकीसारखा वाजला आणि खारी माझ्या खांद्यावरून, माझ्या केसांवरून, सरळ अप्पांच्या पायांकडे सुटली.

मी मागे रांगत बाहेर आले तेव्हा पाणी मांड्यांना लागत होतं. हार्नेस, पट्टा, मूठ, सगळं आतच राहिलं. खारी अप्पांच्या वेष्टीत तोंड खुपसून उभी होती, सबंध अंग थरथरत. तिथंच आडवा पडलेला वॉकर तिला दिसलाही नसावा. वरच्या अंगाला बाया पाण्याला हळदकुंकू वाहत होत्या. अप्पांना उठता येईना. तिथं जमलेल्या चौघांनी धरून उभं केलं. मला तर तोवर रडूही आलं नव्हतं. सेल्वी अक्कांनी पदरानं माझा चेहरा पुसला, "बयप्पडादे मा," घाबरू नकोस, म्हणाल्या आणि मग मात्र आलं.

त्यानंतर खारी धीट झाली, अप्पा रोज फिरायला लागले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्या रस्त्यावर खारी अजून पाऊल टाकत नाही. मी तिला सुती साडीच्या वेणीनं बांधून दुसऱ्या बाजूनं नेते. अप्पांनी राघवचे जुने मोजे वॉकरच्या पायांना चढवलेत, त्यामुळे ठक्क जाऊन थप्प राहिलीय. खारी ती ऐकून उठते, दारापर्यंत जाते आणि तिथून वळून बघते. अप्पा ओट्यावर जाऊन बसतात, काही दिवस. काही दिवस उद्यां. माझी तमिळ दुकानापुरती झालीय. पण अंगावर काही आलं की कान अजून कोल्हापूरलाच पळतात.

आई परवा फोनवर म्हणाली, "अजून परक्यासारखंच वाटतं का गं तिथं?"

काल रात्री कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाडला. वीज गेली, घर काळंठिक्कर. मी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी होते, काहीच दिसत नव्हतं. पण मला ठाऊक होतं, खारी आता तांदळाच्या पिंपामागे असणार, नाक भिंतीला लावून. अप्पांनी देवघराची चौकट धरली असणार, दोन्ही हातांनी. त्यांनाही माहीत होतं मी कुठं असेन ते. ज्या घरात मी जन्मले तिथंसुद्धा कोण कुठं लपतं हे मला कधी ठाऊक नव्हतं; तिथं कुणी लपतच नव्हतं.

मग अंधारातून अप्पांनी विचारलं, "वरुषा, आहेस ना गे?"

"आहे," मी म्हटलं. पिंपामागून शेपटी एकदा भिंतीवर आपटली.