पाडून मागितलेलं मळणीयंत्र

नवऱ्याने मला सोबत नेलं ते घासाघीस करायला. तो स्वतः किंमत वाचून निमूटपणे पाकीट काढणारा माणूस, आणि मी मंडईत आईच्या पिशवीला धरून वाढलेली. आमच्या घरात भाव करण्याचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे.

घ्यायचं होतं ते एक जुनं मळणीयंत्र. स्वतःहून न चालणारं. ट्रॅक्टरमागे जोडून शेतातून ओढत न्यायचं. मग ते जाता जाता गहू कापतं, मळतं आणि बाजूला टांगलेल्या पोत्यात दाणे सोडतं. पोती बांधायला एक माणूस त्याच्या फळीवर उभा राहायचा. आता असलं काही कुणी वापरत नाही. पण नवरा इथे वाखनिंगनच्या शेती विद्यापीठात गव्हाच्या जुन्या वाणांवर संशोधन करतो, आणि तिथे जुनी यंत्रं चालती ठेवणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. शनिवारी तो तिथे जातो आणि कोपरापर्यंत काळा होऊन परत येतो.

मला ते यंत्र नको होतं. दिवाळीपर्यंत पुण्याला परत जायचं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी म्हटलं होतं आणि तो "बघू" म्हणाला होता. इथे त्याला परमनंट पोस्ट देऊ केली होती, तिचं उत्तर त्याने अजून दिलं नव्हतं. मी कंटाळले होते हो! शेजारणीकडे चहाला जायचं तर पंधरा दिवस आधी तारीख ठरवायची. दिवसभर ऑफिसात इंग्रजी, संध्याकाळी डचचा क्लास, मराठी फक्त फोनवर आणि भांडताना. मला घरी जायचं होतं, याहून भारदस्त कारण माझ्याकडे नाही. आणि परत जाणारी माणसं खोलीएवढं मळणीयंत्र घेत नाहीत, हे सांगायला काही संशोधन लागत नाही.

यंत्र होतं हूफडॉर्पच्या बाहेर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये. नव्या घरांच्या रांगा त्याच्या कुंपणापर्यंत आल्या होत्या आणि शेड रिकामी करून द्यायची होती. नवरा त्या यंत्राभोवती एक फेरी मारून आला, मग दुसरी. पुढच्या लाकडी फिरकीवरून त्याने हात फिरवला, आणि त्याचा चेहरा बघून मला कळलं, हा हे घेणार.

आईचा मंडईतला एक नियम आहे. घ्यायचं नसेल तर तोंडावर नको म्हणू नये, विकणाऱ्याला लागतं. इतकं पाडून मागावं की तोच म्हणेल, "चला बाई, पुढे व्हा." माल तिथेच राहतो आणि कुणाचं मनही मोडत नाही. मी जन्मभर असंच नको म्हणत आले आहे.

म्हाताऱ्याने किंमत सांगितली. नवऱ्याने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी अशी किंमत सांगितली की तेवढ्यात या देशात बरी सायकलसुद्धा येत नाही.

मी वाईट वाटल्याचा चेहरा तयारच ठेवला होता. मग म्हाताऱ्याने पुढे होऊन माझ्या तळहातावर सणसणीत हात मारला. "तुमचं झालं," तो इंग्रजीत म्हणाला. "भंगारवाला कापून नेणार होता. तुम्ही निदान चालवाल."

आईच्या नियमाचा उरलेला अर्धा भाग असा की तुम्ही सांगितलेल्या भावाला विकणारा हो म्हणाला, तर मागे फिरायचं नाही. फिरलात तर पुन्हा त्या गाळ्यासमोरून मान वर करून जाऊ नये. एखादी डच बाई सहज म्हणाली असती, सॉरी, माझा विचार बदलला. आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. माझी जीभच उचलली नाही. नवरा मात्र माझ्याकडे असा बघत होता, जसं गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी यंत्र न्यायचा दिवस आला. वाखनिंगनजवळच्या एका शेतात क्लबने जागा दिली होती. बुटक्या ट्रेलरवर यंत्र साखळ्यांनी बांधलं, पुढे ट्रॅक्टर, त्यात भाड्याचा चालक आणि शेजारी नवरा. ट्रॅक्टरला महामार्गावर बंदी, त्यामुळे सगळा प्रवास बारक्या रस्त्यांनी. मी मागून आमच्या गाडीत, दिवे लुकलुकवत. माझं काम एकच, मागच्या गाड्यांना आवरून धरायचं. दोन्ही बाजूंना पाण्याचे चर, समोर ती गंजलेली लाल पाठ, मागे चिडलेल्या लोकांची रांग. पुढे जाता येत नव्हतं, मागे वळायला जागा नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि बुक्क्या माझ्याच हाताच्या.

एका कालव्यापाशी बोटींसाठी पूल वर उचलला गेला आणि सगळं थांबलं. नवरा ट्रॅक्टरमधून उतरून माझ्या गाडीत येऊन बसला. अंगाला ग्रीसचा वास, चेहरा नुसता फुललेला.

"पुढच्या उन्हाळ्यात आपला गहू याच्यावर काढायचा," तो म्हणाला. "तू पोत्यांच्या फळीवर उभं राहायचंस."

"पुढच्या उन्हाळ्यात आपण पुण्यात असू."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

"अगं, मी त्या परमनंट पोस्टला हो म्हणून टाकलं. त्याच सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

"यंत्र घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी तुला तिथे कशाला नेलं होतं? तुला जायचंच असतं तर तू तो सौदा नक्की मोडला असतास. तुला मोडता येतं. तू मोडला असतास तर मी काही न बोलता पोस्टला नाही म्हणणार होतो. पण तू भाव केलास. मला वाटलं, राहायला तयार झालीस, हे तू तुझ्या पद्धतीने सांगितलंस."

माझा नकार मी इतका पाडून मागितला होता, की तो होकाराच्या भावात गेला.

"मला जायचंय रे," मी म्हणाले. "अजूनही जायचंय."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मग नको का नाही म्हणालीस?"

मला रडू आलं. पूल खाली आला, तो उतरून धावत ट्रॅक्टरकडे गेला. मागच्याने हॉर्न दिला. मी डोळे पुसले, पहिला गिअर टाकला आणि मळणीयंत्राच्या मागे निघाले.