निळ्या गाडीच्या खोडी

साडू गाडी घेणार ही बातमी मला बायकोने पोळ्या लाटता लाटता दिली.

"लहानीचा फोन होता. थे गाडी घेऊन राहिले."

"घेऊ दे," मी म्हटलं. "संत्र्यासाठी छोटा हत्ती टेम्पो घेत असंल."

"नाही. थे पळणारी. तुमी मोबाइलवर पाहत राहता ना, तशी."

मी जेवत राहिलो, पण खरं सांगतो, भाजीची चव गेली. साडूने जमीन घेतली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. मोहगावात स्लॅबचं घर बांधलं तेव्हा थोडं वाटलं. पण पळणारी गाडी? ती तर माझी होती. म्हणजे माझ्याकडे नव्हती, पण आमच्या सगळ्या नात्यागोत्यात गाडी हा विषय माझा होता. बाकी सगळं त्याने घ्यावं, हे एक तरी सोडायचं होतं.

मी सरकारी ड्रायव्हर. बावीस वर्षं झाली. साहेब बदलले, जिपा बदलल्या, माझी सीट तीच. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर ऑफिसात नव्या पांढऱ्या गाड्या आल्या, पण त्या अशा की ऐंशीच्या वर काटा सरकत नाही. कंपनीनेच वेग बांधून दिलेल्या. माझं स्वतःचं वाहन म्हणाल तर स्कूटर, तीही सकाळी मान तिरकी केल्याशिवाय चालू होत नाही. पण हायवेवरून गाडी गेली की घरात बसून आवाजावरून सांगतो, कोणती आहे. शंभरचा वेग कोणती गाडी किती सेकंदांत गाठते ते मला पाठ आहे. पोरीची जन्मतारीख विचारली की मात्र मी बायकोकडे पाहतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न झालं तेव्हा तो सौंसरकडच्या बगीच्यांत रोजीने संत्री तोडत होता. मी सरकारी नोकरीवाला मोठा जावई. सासरी पाण्याचा पहिला गिलास माझा, खाटेवरची चादर माझ्यासाठी बदललेली. तो बिचारा दाराजवळ बसायचा. मग त्याने उभ्या झाडांवरचा माल विकत घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दोन वर्षांत त्याच्याकडे सायकलशिवाय काही नव्हतं, म्हणून सुटीच्या दिवशी मी एका मित्राची जीप मागून त्याला बगीचे दाखवत फिरवायचो.

त्याचं काम पाहून मला लाज वाटायची. बगीचा कितीही सुंदर असो, हा आत शिरला की तोंड वाकडं. फळ सोलायचं, एक फोड तोंडात टाकायची, थुंकायची. "फळ बारीक हाय. साल जाडी हाय. त्या कोपऱ्यात पानं काळी पडली, कोळशी दिसून राहिली." बगीचेवाल्याचा चेहरा उतरायचा. आणि जीपमध्ये बसल्यावर हा हळूच म्हणायचा, "भाऊ, हाच घ्याचा." जो बगीचा घ्यायचा नसेल तिथे मात्र, "वा पाटील, एक नंबर ठेवला बगीचा," म्हणून चहा पिऊन बाहेर. मी एकदा म्हटलं, अरे, हे काय खोटं बोलणं? तर म्हणाला, "खोटं कायचं? सगळ्याइले माहीत राहते. ज्याले घ्याचं राहते, थोच खोडी काढते. बगीचेवाल्यालेबी समजते, म्हणून तर थो लवकर सोडत नाही."

आता त्याचे ट्रक मद्रासपर्यंत जातात. सासरी पाण्याचा गिलास अजूनही पहिला मला मिळतो, पण देणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे असतं. ते मला दिसतं. मला सगळंच दिसतं, तोच तर त्रास आहे.

गुरुवारी त्याचा फोन आला. "भाऊ, रविवारी सुट्टी हाय ना? सौंसर रोडच्या जिनिंगमधी गाडीवाले येऊन राहिले. त्याइची लाल गाडी हाय, अन् तुलनेले दुसऱ्या कंपनीची निळी. दोन्ही चालवून पाहा म्हणते. तुमी पायजे. मले त्यातलं काय समजते? तुमी सांगसान थे घ्याची."

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण दोन्ही गाड्या. एकाच दिवशी. आपल्या हाताने. मोबाइलवर या दोन गाड्यांची भांडणं मी किती वेळा पाहिली असतील. जीभ सैल सोडली आणि हो म्हणून बसलो.

उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं. कापसाचे ढीग उठलेले, सिमेंटचं मोठं आवार मोकळं, तारेच्या कुंपणाला रुईचे पुंजके अडकलेले. तिथे नागपूरच्या लोकांनी नारिंगी शंकू मांडले होते. एक लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला ब्रेक मारायची पांढरी रेघ, आणि बाजूला वळणावळणाचा रस्ता. मंडपात थंड पाणी आणि संत्र्याच्या सरबताचे डबे. साडूने एक घोट घेतला आणि डबा खाली ठेवला. "पाण्याले रंग देल्ला नुसता," म्हणाला.

कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक तरुण आला. साडूला "सर, सर" केलं, रुमालाने खुर्ची पुसून दिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आप सर के ड्राइवर हो?"

त्याने कसं ओळखलं कोण जाणे. बावीस वर्षांत अंगावर काहीतरी बसत असेल. साडू चटकन म्हणाला, "बड़े भाई हैं मेरे. गाड़ी वही देखेंगे." त्याने बाजू घेतली याचाच मला जास्त राग आला. माझी बाजू घेण्याइतका तो कधी मोठा झाला?

पण लाल गाडीत बसलो आणि राग उतरला. तो तरुण शेजारी, साडू मागे. पाय दाबला तशी गाडीने पाठीत असा धक्का दिला की मागून साडू "बाप्पा" म्हणाला. सरळ पट्ट्यावर लाल गाडी म्हणजे निव्वळ धमाल. वळणावर मात्र तिचं नाक बाहेर जायला लागलं. मी आधीच वेग कमी केला म्हणून बरं. आणि पांढऱ्या रेघेवर ब्रेक मारला तेव्हा तिचा मागचा भाग हलका झाला, डावीकडे सरकायला पाहू लागला. हाताने सावरली. मला सावरता येते.

मग निळी. तिचा आवाज कमी, धक्का कमी. पहिल्या वळणावर मी मुद्दाम जास्त वेगात घातली. ती हातातल्या दोरीसारखी वळली. दुसऱ्या वळणावर अजून वेगात. तशीच. ब्रेक मारला, जागच्या जागी सरळ उभी. मी त्या तरुणाला न विचारता आणखी एक फेरी मारली. तेवढ्या वेळात मला साहेब आठवला नाही, स्कूटर आठवली नाही, मागे साडू बसलाय हेही आठवलं नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी माणूस गाडीच्या प्रेमात पडतो म्हणजे काय, ते मला विचारा.

उतरलो, आणि किल्ली साडूच्या हातात गेली.

तो चालवतो ट्रॅक्टरसारखी. शिकवला मीच, पण शिकवलेलं त्याने ऐकलं कुठे? लाल गाडी त्याने पट्ट्यावर अशी फेकली आणि रेघेवर ब्रेकवर असा उभा राहिला की गाडीचं बूड फिरलं, तीन शंकू उडाले आणि गाडी आडवी थांबली. हा उतरला तर हसत, जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यासारखा. मी मात्र त्या आडव्या गाडीकडे पाहत राहिलो. हा माणूस संत्र्याच्या आंबिया बहाराच्या हंगामात पहाटे सौंसरला, दुपारी पांढुर्ण्याला, मागे बायको आणि पोरगी. मोहगावच्या वळणावर समोरून ट्रक आला तर शंकू नसतात.

निळीतही त्याने तीच चूक केली, अगदी तशीच. निळी सरळ उभी राहिली. तिने त्याला सांभाळून घेतलं.

म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतंच. जनावराला दाखवलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं, निळी घे.

मंडपाच्या सावलीत साडूने निळीच्या बॉनेटवर हात ठेवला. घाम पुसला. "भाऊ," म्हणाला, "कोणतीबी घेतली तरी एक गोष्ट ठरली. तुमी रिटायर झाले का आपल्या गाडीवर बसाचं. दुसरा ड्रायव्हर मले नाही पायजे."

तो प्रेमाने बोलला. आज कळतं. तेव्हाही कळलंच असणार, कारण त्याच्या डोळ्यांत काही वाकडं नव्हतं. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की ही निळी गाडी, जिच्यावर माझा जीव बसला, ती मी चालवणार याचा ड्रायव्हर म्हणून. सासरच्या दारात मी तिचं दार उघडून उभा, आणि हा उतरतोय. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"आता सांगा," तो म्हणाला. "कोणती?"

"लाल," मी म्हटलं. "लाल एक नंबर. डोळे मिटून घे."

"अन् निळी?"

"निळीत काय हाय?" आणि मी सुरू झालो. इंजिनात जीव नाही. सीट आखूड, मांड्या दुखतील. स्टेअरिंग जड. काच लहान, मागचं दिसत नाही. रंग चार महिन्यांत उडेल. आपल्या रस्त्यावर बूड घासेल. एकेक खोड काढताना मला तिची ती ती गोष्ट आठवत होती, आणि ती प्रत्येक गोष्ट किती चांगली होती तेही आठवत होतं. माझंच तोंड मला थांबवता येईना. साडू शांतपणे ऐकत होता. मध्ये एकदा त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. माझा हातही निळीच्या बॉनेटवर होता, मला पत्ता नव्हता.

"समजलं," तो म्हणाला. "चाला, भूक लागली."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कोणती सांगितली?"

"लाल."

"चांगली हाय?"

"मले समजत नाही काय?" मी खेकसलो. ती आपल्या कामाला लागली. खेकसलो की काय समजायचं ते तिला माहीत आहे.

पुढचे आठ-दहा दिवस मी काय भोगलं ते सांगून उपयोग नाही. मोहगावच्या वळणावरून साहेबाला घेऊन रोज जायचो आणि रोज तिथे लाल गाडी आडवी दिसायची. लहानीचा फोन आला की मी आधी बायकोचा चेहरा पाहायचो. दोनदा साडूचा नंबर लावला, दोनदा रिंग जायच्या आत कापला. काय सांगणार होतो? लाल नको घेऊ, तुझ्या हाताला ती झेपणार नाही. मग त्या दिवशी काऊन घे म्हटलं? याला माझ्याकडे उत्तर एकच होतं, आणि ते तोंडातून बाहेर यायला तयार नव्हतं. माझ्या जळफळाटापायी कोणाचा जीव जाईल हे कळत होतं, तरी तो जळफळाट काही कमी होत नव्हता. असा मी.

मग एका रविवारी सकाळी मी दारात स्कूटरशी झटत होतो आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. आवाजावरून मी ओळखली. तरी मान वर करायला मला थोडा वेळ लागला.

निळी होती.

पुढे झेंडूचा हार. विहारात जाऊन, वंदना करून ते सरळ आमच्याकडे आले होते. लहानी उतरली, पोरगी उतरली, माझी बायको बाहेर धावली. साडू किल्ली बोटात फिरवत माझ्याजवळ आला.

"लाल सांगितली होती मी," मी म्हटलं. मी स्कूटर स्टँडवर लावली.

"हो ना," तो म्हणाला. "लाल दोन शब्दांत वाखाणली तुमी. निळीच्या खोडी मोजून सहा काढल्या. भाऊ, पंधरा वर्षं झाली मले या धंद्यात. माणसाचं मन कोणत्या मालावर बसलं थे मले समजत नाही काय?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोटातलं सगळं त्याने वाचलं होतं की अर्धंच, ते मला दिसलं नाही. ज्याला सगळं दिसतं असं मी म्हणत होतो, त्याला एवढं दिसलं नाही.

त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसला. आम्ही सौंसर रोडने निघालो. सवयीने मी साठवरच ठेवली. मग तो म्हणाला, "दाबा ना, इथं कोणता साहेब बसला हाय?" आणि मी दाबली. मोहगावच्या वळणावर ती तशीच वळली, हातातल्या दोरीसारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाचलो म्हणून आलं, आणि ती माझी नाही म्हणूनही आलं. दोन्ही खरं.

बाभळीच्या सावलीत थांबवली. मी स्टेअरिंगवरून हात काढला नाही.

"कशी वाटली?" त्याने विचारलं.

"स्टेअरिंग थोडं जडच हाय," मी म्हटलं. "अन् सीट..."

तो हसायला लागला. हसत हसत हात लांब करून त्याने किल्ली फिरवली, काढली आणि खिशात टाकली.

"काढा भाऊ, कितीबी खोडी काढा," तो म्हणाला. "आता विकाची नाही हाय."